अकरा हिवाळ्यांचा कोट

३ नोव्हेंबर, सोमवार

दोघींना! एकच काम दोघींना दिलं! चौदा वर्षं या नाटकमंडळीचा कपडेपट मी सांभाळते, उसवलेलं एक काज माझ्या नजरेतून सुटत नाही, आणि आज मला आणि धाकटीला शेजारी शेजारी उभं करून एकाच ताग्यातलं तपकिरी कापड हातात दिलं. शाळेत चित्रकलेची स्पर्धा असते तसं.

पुन्हासाहेबांचंच हे डोकं. दिग्दर्शक आहेत, दिवसभर "पुन्हा! पुन्हा!" ओरडतात म्हणून हे नाव पडलं. नव्या नाटकातली बाई बेघर आहे, स्टेशनातल्या बाकावर राहते. तिचा एक लांब कोट. "नवा शिवा आणि मग घरीच जुना करा. अकरा हिवाळे अंगावर काढलेला दिसला पाहिजे. खर्चाला काही मिळणार नाही, घरात असेल त्यात भागवा. आणि बाजारातून जुना उचलून आणायचा नाही, पुढे तंतोतंत तसाच दुसरा लागणार आहे." मग निघता निघता, जसं काही विशेष नाहीच – "जिचा कोट उभा राहील ती दौऱ्यावर येईल. बसमध्ये कपडेपटाला एकच जागा आहे."

ती जागा माझी आहे! खिडकीजवळची, इस्त्रीची पेटी पायाशी. चौदा वर्षं!

धाकटी म्हणजे माझी जाऊ. दिराची बायको. घरी बसून कंटाळा येतो म्हणाली म्हणून दोन वर्षांपूर्वी मीच तिला हाताला धरून मंडळीत आणली. काज कसं करायचं ते मी शिकवलं. स्वतःचं अंगुस्तान काढून तिच्या बोटात घातलं. आणि आज ती कापड छातीशी धरून म्हणते, "ताई, मजा येईल ना!"

मजा! इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहूनच टाकते – मला ती डोळ्यांसमोर नको झालीये.

५ नोव्हेंबर, बुधवार

कोट शिवून झाला. अस्तर, आतला खिसा, सगळं. असा बेतशीर बसलाय की फाडायला हात उचलत नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

किसणीने सुरुवात केली. कोपरावर घासली. कापडाच्या आधी माझं बोट किसलं गेलं. मग पॉलिश पेपर, मग भांड्यांची तारेची घासणी. दोन तास घासून कोपर विरायचं नाव नाही, नुसते धाग्यांचे गोळे आले. नवं कापड किती चिवट असतं! लोक उगाच म्हणतात हल्लीचं कापड टिकत नाही.

मग नवेपणाची चमक घालवायला घेतली. मोठ्या पातेल्यात चहाची पावडर उकळली आणि बाह्या बुडवल्या. नवरोबा कामावरून आला, झाकण उचललं, आत बाही. "आज काय, कोटाची उसळ का?" वर म्हणतो, "आणि ते बटण काढ आधी तोंडातून." विचार करताना बाहीचं बटण चघळायची मला खोड आहे, लहानपणापासूनची. त्यात ह्याचं काय जातं?

घरभर चहाचा वास. मुंग्या यायला लागल्या.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

कॉलरवर ब्लीचचे चार थेंब टाकले, फिका दिसावा म्हणून. फिका नाही, कोड आल्यासारखा दिसतोय. चहा परत लावला. आता कोड आणि वर चहा.

८ नोव्हेंबर, शनिवार

कपडेपटाच्या खोलीला खिडकी आहे, पण ती शेजारच्या इमारतीच्या भिंतीत उघडते. ऊन म्हणून येत नाही. मी दिवसभर माझा निळा कोट अंगात ठेवून काम करते. धाकटीला थंडी वाजत नाही वाटतं! गळ्याला रुमाल काय, केसांना क्लिप काय. जो येतो तो तिच्याशी दोन शब्द बोलूनच जातो. दिवेवाला मला चौदा वर्षांत कधी "कशा आहात" म्हणाला नाही, आज तिला म्हणाला, "तुम्ही आल्यापासून खोलीत उजेड आला." बल्ब बदल की मेल्या, तुझंच काम आहे ते!

आणि एक नवीनच थेर सुरू झालंय. ती माझ्याकडे टक लावून बघत असते. मी स्टुलावर बसून टाके घालत असते आणि मान वर केली की हिचे डोळे माझ्यावर. मी बघितलं की पटकन खाली बघते आणि वहीत काहीतरी लिहिते. माझ्या चुका टिपतेय, दुसरं काय. पुन्हासाहेबांना दाखवायला.

जाताना विचारते, "ताई, हा तुमचा निळा कोट किती वर्षांचा?"

"का? डोळ्यांत खुपतोय?"

"नाही नाही, सहज."

सहज! माझ्या कळकट कोटाची तिला लाज वाटते हे काय मला कळत नाही?

९ नोव्हेंबर, रविवार

डबा परत द्यायच्या निमित्ताने दिराकडे जाऊन आले. खरं कारण इथे लिहायला हरकत नाही – तिचा कोट बघायचा होता.

गॅलरीत दोरीवर ओला लटकत होता. उजव्या खिशात दगड! चांगला मुठीएवढा. "ओल्या कापडाला ओझं लावलं की ते ओघळतं आणि वाळल्यावर तसंच राहतं," धाकटीने आपणहून सांगितलं. लपवलं नाही. मला अजूनच राग आला. म्हणजे मी स्पर्धेत आहे असं तिला वाटतही नाही!

भाऊजी तर बायकोवर खूश. "वहिनी, काल हिने मला पिशवीत विटा भरून दिल्या आणि कोट घालून जिना चढ-उतर करायला लावला. वीस वेळा!" आणि हसतात. चहा त्यांनी केला, कप त्यांनी विसळले. माझ्या नवरोबाला बशी कुठे असते ते अजून माहीत नाही. हिच्या नशिबाला काय म्हणायचं! सासूबाई असत्या तर त्यांनीही हिचंच कौतुक केलं असतं. करायच्याच.

येताना रस्त्याकडेचे दोन दगड उचलून पिशवीत टाकले.

११ नोव्हेंबर, मंगळवार

दोन्ही खिशांत दगड घातले. आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून दोन्ही सारख्या वजनाचे आहेत ना बघितलं. कोपरंही मापून घासली, शिवणीपासून चार बोटं, दोन्हीकडे. मला काम कसं करतात ते कोणी शिकवायला नको.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज निकाल लागला. माझा.

आधी माझा कोट टांगला. पुन्हासाहेब भोवती फिरले. दोन फेऱ्या. मग म्हणाले, "बाई, हा जुना नाहीये. हा आजारी आहे." सगळे हसले. दिवेवाला सगळ्यात मोठ्याने. "दोन्ही कोपरं सारखी कशी झिजली? दोन्ही खिसे मोजून सारखेच कसे ओघळले? माणूस असा दोन्ही बाजूंनी सारखा जगतो का?"

मी म्हटलं, "दोन बाजू सारख्या नसतील तर मग शिवण कसली?"

"तेच म्हणतोय मी," ते म्हणाले. काय तेच, देव जाणे.

मग धाकटीचा. तिने पिशवीतून काढून मोठ्या बाईंच्या खांद्यांवर टाकला. मोठ्या बाई म्हणजे आमची नायिका, साठीच्या आहेत, सहजासहजी कशाला चांगलं म्हणत नाहीत. त्यांनी कोट अंगात घातला आणि सगळे हातातलं काम सोडून बघायला लागले. मीही बघत राहिले. काय सांगू! तो कोट नव्याचा जुना केलेला वाटतच नव्हता. तो कोणाचा तरी होता. एक खांदा खाली, एक खिसा ओठ लोंबल्यासारखा उघडा, कोपर एकच विरलेलं. कोणीतरी तो घालून कितीतरी वेळा घरी परतलंय असं वाटत होतं.

आणि मग एकेक जण वळून माझ्याकडे बघायला लागला. दिवेवाला, मोठ्या बाई, पडदेवाला. बघत होते, माझं तोंड कसं उतरतं ते! मी मुद्दाम हसले. "छान केलाय हो," म्हटलं. जिभेवर कडू कारलं ठेवून.

पुन्हासाहेबांनी "पुन्हा" म्हटलं नाही. एकदाही नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

डोकं दुखतंय सांगून गेले नाही. डोकं नव्हतं दुखत.

१६ नोव्हेंबर, रविवार

बाजारात जाऊन नवा कोट घेतला. मरून रंगाचा, कमरेत बसणारा, चकचकीत बटणांचा. माझ्यासाठी! तिलाच नटता येतं असं थोडंच आहे? निळा गुंडाळून माळ्यावर टाकला, जुन्या गादीच्या मागे. बघते आता कोण कळकट म्हणतं.

घरात तोरा मिरवत दोन चकरा मारल्या. नवरोबा पेपर वाचत होता.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

अजूनही नवरोबाने कोटाबद्दल अवाक्षर काढलेलं नाही. आज सरळ समोर जाऊन उभी राहिले. म्हणाला, "काय गं, बाहेर चाललीस?"

मोठ्या बाई तालमीत तो कोट काढायलाच तयार नाहीत. चहालाही घालून येतात. "हा घातला ना, की माझा डावा खांदा आपोआप उतरतो बघ. चालच बदलते. मला सारखी कोणाची तरी आठवण येते, पण कोणाची ते काही केल्या ध्यानात येत नाही." धाकटी लाजली. मला वाटलं, टाचण्यांची डबी तिच्या डोक्यावर उपडी करावी.

पुन्हासाहेब तिला म्हणाले, "आता असाच दुसरा. दुसऱ्या अंकात रोज पाऊस पाडायचाय, ओला कोट दुसऱ्या दिवशी वाळणार नाही. असाच हवा, धाग्याला धागा. तो आला की दौऱ्याचं नाव नक्की करू."

म्हणजे अजून नक्की नाही तर!

२० नोव्हेंबर, गुरुवार

नवरोबाशी किल्लीवरून कडाक्याचं वाजलं. नव्या कोटाला खिसे नुसते दाखवायला, आत शिवून बंद! म्हणून कपाटाची किल्ली मी पर्समध्ये ठेवते, नाहीतर फ्रिजवर, नाहीतर आठवत नाही. "पूर्वी बरी सापडायची!" म्हणतो. पूर्वी! पूर्वीचं सगळं बरं होतं. पूर्वी धाकटी नव्हती.

खोलीत थंडीने हात आखडतात. हा कोट फक्त दिसायला आहे.

धाकटी आज तीनदा येऊन गेली माझ्या टेबलाशी. शेवटी विचारलंच तिने. "ताई, निळा नाही घातला?"

"आवडला नाही वाटतं मरून?"

"छान आहे. पण निळा...?"

मी सुईत दोरा ओवायला घेतला. तुझ्यामुळे मला नवा घ्यावा लागला, हे माझ्या तोंडून वदवून घ्यायचंय तिला.

२३ नोव्हेंबर, रविवार

ती घरी आली. सहज म्हणे! बसली, पाणी प्यायली, आणि डोळे आपले खुंट्यांवर. दारामागे, कपाटाशी, मोरीच्या दारावर. हात धुवायच्या निमित्ताने आतल्या खोलीतही डोकावली. माझ्या घराची झडती!

"काय शोधतेस?"

"ताई, तुमचा निळा कोट..." गळ्यातला रुमाल चाचपत म्हणाली, "एक-दोन दिवस मिळाला असता तर..."

आता कोट उसना न्यायचा? त्या दिवशी ज्याची लाज वाटत होती तो? न्यायचा आणि खोलीत सगळ्यांसमोर टांगायचा – बघा, ताईंचा जुना अवतार! मला असा संताप आला की पटकन बोलून गेले, "टाकून दिला तो. गेला कचऱ्यात."

"टाकला? कधी?" चेहरा असा पांढरा पडला तिचा की क्षणभर मलाच कळेना. मग बरं वाटलं. हो, बरं वाटलं! लिहिते आहे तर खरं लिहिते.

दारात चपला घालताना म्हणाली, "तुम्हाला त्यात ऊब वाटायची ना, ताई." गोड बोलायचं म्हणजे किती!

२६ नोव्हेंबर, बुधवार

पडला! तिचा दुसरा कोट सपशेल पडला!

बिचकत बिचकत टांगला तिने. खिसा ओघळलेला, पण खालून. खांदा उतरलेला, पण चिकटवल्यासारखा. कोपर घासलं गेलंय, झिजलेलं नाही. माझ्या कोटापेक्षा बरा, पण माझ्याच जातीचा. मोठ्या बाईंनी घातला आणि एका मिनिटात काढला. "हा नुसता कोट आहे गं."

"पुन्हा," पुन्हासाहेब म्हणाले. मला तो शब्द इतका गोड कधीच लागला नव्हता.

ती म्हणाली, "मला आठवत नाहीये नीट."

आठवत नाहीये? स्वतःच्या मनाने केलेलं माणूस आठवून करतं का? माझ्या मनात पाल चुकचुकली.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा पहिला कोट टेबलावर पसरला, दिव्याखाली. चौदा वर्षं मी कपड्यांवरून माणसं ओळखते. धोब्याकडून आलेल्या ढिगातून शर्ट उचलून सांगते कोणाचा ते. माझ्या डोळ्यांसमोर दोन वर्षं काढलेल्या पोरीने मला काय फसवावं?

डावा खांदा – कापडाची लव गेलेली, पट्ट्याएवढी रुंद. जड पिशवी रोज त्याच खांद्यावर. उजव्या खिशाचा आतला कोपरा फाटत आलेला, खाली नाही, तिरका. म्हणजे खिशात काहीतरी जड, टोकदार, चालताना पुढे-मागे झुलणारं. डाव्या कॉलरवर बारीक बारीक भोकं. बिल्ला लावत असणार रोज. डावं कोपर विरलेलं, उजवं शाबूत – डावा हात टेकून उजव्याने काम करणारी. डाव्या बाहीच्या बटणावर दात! खरंच दातांच्या खुणा. घरात कुत्रं असेल.

आणि मुख्य म्हणजे मागे, कमरेखाली वीतभर, आडवी झीज. तिथे खुर्चीने झीज येत नाही. बाकाने तर नाहीच. उंच, अरुंद कशावर तरी बसलं, पाय लोंबते सोडले, तरच तिथे येते. मग बाकावर राहणाऱ्या बाईच्या कोटावर ती कुठून आली?

सापडली! ही झीज धाकटीच्या डोक्यातून आलेलीच नाही. कुठेतरी खरी बाई आहे, तिचा खरा कोट आहे, आणि हिने तो समोर ठेवून टाक्याला टाका उतरवून काढलाय. म्हणून दुसरा जमला नाही. तो कोट आता हिच्या हाताशी नाही!

आणि ती बाई तरी कशी असेल? इतकी वर्षं एकच कोट. घरात कोणी म्हटलं नसेल, अगं, आता नवा घे. कोणाचं लक्षच नसणार तिच्याकडे. बिचारी.

पण ते असो. उद्या सगळ्यांसमोर.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

झालं.

तालीम सुरू व्हायच्या आधी कोट उचलून धरला आणि एकेक जागा दाखवत सगळं सांगितलं. खांदा, खिसा, भोकं, कोपर, दात, मागची झीज. हिने दुसऱ्या कोणाचा तरी कोट उतरवून काढलाय, ही सरळ चोरी आहे, म्हटलं. पुन्हासाहेब ऐकत राहिले. "वा, बाई," म्हणाले. चौदा वर्षांत पहिल्यांदा!

मग धाकटीकडे वळले. "बरोबर आहे हे?"

"बरोबर आहे." हळू आवाजात. "सगळं बरोबर ओळखलं ताईंनी."

"मग त्यात चोरी काय आहे? कोणाचा कोट आहे तेवढं सांग. घेऊन ये, दुसरा त्यावरून करू."

"तो आता नाहीये."

"मग त्या बाईला आण. मी बोलतो तिच्याशी."

मान खाली. अंगुस्तान बोटावर फिरवत राहिली. "नाही सांगता येणार, सर."

"का?"

"तिला वाईट वाटेल. बेघर बाईसाठी तिचाच कोट घेतला म्हणून."

"दौरा आठवड्यावर आलाय! कोण कुठली बाई, तिच्या वाटण्यासाठी मी नाटक थांबवू?"

तिने पुन्हा नुसती नकाराची मान हलवली. पुन्हासाहेबांचा पारा चढला. दुसरा कोट मी करायचा आणि दौऱ्यावर मी जायचं, असं तिथेच ठरलं. ती सामान आवरायला लागली तेव्हा मोठ्या बाई तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या. माझ्या पाठीवर कोणी हात ठेवला नाही. जिंकल्यावर ठेवत नाहीत बहुतेक.

२९ नोव्हेंबर, शनिवार

भाऊजींचा नवरोबाला फोन. ह्याचा आवाज ऐकू येत होता फक्त. "हो... हो रे... मला काय माहीत बायकांचं... रडतेय? अजून?"

ठेवल्यावर मला म्हणाला, "तू काही बोललीस का तिला?"

"मी फक्त कोटाबद्दल बोलले."

ते खरंच आहे.

१ डिसेंबर, सोमवार

टेबलावर कागदाची पुडी. आत माझं अंगुस्तान, घासूनपुसून चकचकीत केलेलं. चिठ्ठी नाही.

घातलं, पण तिच्या बोटाला बसून बसून सैल झालंय. की माझं बोटच बारीक झालं?

खोलीत आज कोणी डोकावलं नाही. दिवेवाल्याने बल्ब बदलला, एक शब्द न बोलता. आता लख्ख उजेड आहे.

२ डिसेंबर, मंगळवार

तिचा कोट घरी आणलाय, समोर ठेवून दुसरा करायला. नवा शिवून तयार आहे. आता नुसतं उतरवायचं. पण एक गोष्ट इथे कबूल करते – हे काम माझ्याने झालं नसतं. एवढी झीज आणायला तिने किती वेळ बघितलं असेल त्या बाईकडे! जीव लावल्याशिवाय कोणी कोणाच्या कोपराकडे इतकं बघत नाही. मला कोणी इतकं बघितलंय का कधी? नवऱ्याला तर माझा मरून कोटही दिसला नाही.

आता मला त्या बाईचाच हेवा वाटतोय. हसू आलं लिहिताना. जाऊबाईचा झाला, दिराचा झाला, आता ओळख ना पाळख त्या बाईचा!

काम थांबवून कोट दारामागच्या खुंटीला टांगला. उद्या बघू.

३ डिसेंबर, बुधवार

नवरोबा संध्याकाळी आला. त्याला कपाट उघडायचं होतं. माझ्याशी बोलत बोलत, न बघता, दारामागच्या कोटाच्या उजव्या खिशात हात घातला.

"किल्ली कुठाय? इथेच असते ना तुझी, कात्रीबरोबर?"

तपकिरी कोट होता तो. माझा निळा माळ्यावर आहे.

स्टूल घेऊन चढले, गादीमागून ओढून काढला, अंगात घातला. तसाच फोन लावला.

"बोला, ताई," धाकटी म्हणाली.

काय बोलणार? तोंडात बाहीचं बटण होतं माझ्या.